तिने जोडून ठेवलेले चौकोन

दोन चौकोनी कापडं एकमेकांवर ठेवायची, चांगली बाजू आत. वरच्या कापडावर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीने रेघ मारायची. मग रेघेवर नाही, तर रेघेच्या दोन्ही बाजूंना थोडं अंतर सोडून शिवण घालायची. शेवटी रेघेवरून कात्री चालवायची. दोन तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा उलगडला की नवा चौकोन मिळतो, अर्धा या कापडाचा आणि अर्धा त्या कापडाचा. आधीच त्रिकोण कापून जोडायला गेलं तर तिरकी कड ताणली जाते आणि चौकोन वाकडा होतो. या पद्धतीत ती कड हातात येतच नाही.

हे मला माझ्या मुलीने शिकवलं. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मोबाइलवर बघून बघून शिकली होती. माझ्या लग्नात आलेली शिलाई मशीन इतकी वर्षं स्वयंपाकघरात डब्यांखाली उभी होती. तिने डबे उतरवले, मशीनला तेल घातलं, नवा पट्टा आणून बसवला. आर्णीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी ब्लाउज शिवणाऱ्या एक काकू बसतात, त्यांच्याकडून ती कतरणीची पिशवी घेऊन आली. घरातलंही काही सोडलं नाही. तिच्या बाबांचा कॉलर विरलेला चौकडीचा शर्ट, माझी एक आमसुली सुती साडी, आजीच्या लुगड्याचा काठ, सगळ्यांवर कात्री फिरली. मी मराठी शिकवते. शाळेचे पेपर तपासायला बसले की ती मुद्दाम समोर येऊन कापड पसरायची.

"आई, तुह्या व्याकरणात नाई बसत हे. भूमिती हाय ही."

ती करत होती ते दुपटं होतं. मुकुटबनला माझ्या धाकट्या भावाची शेती आहे. माझी आई तिथेच राहते. त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या भावजयीला, बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते. मामीच्या बाळाखाली घालायचं दुपटं मीच शिवणार, असं माझ्या मुलीने परस्पर जाहीर करून टाकलं होतं. माझी आई जन्मभर हाताने गोधड्या शिवत आलेली. तिला हे फोनवर सांगितलं तेव्हाचं बोलणं मी ऐकलं आहे, कारण मुलगी फोन नेहमी स्पीकरवर ठेवायची.

"आजी, त्रिकोणाचं दुपटं करून राह्यली मी."

"कशाचं?"

"त्रिकोणाचं. चौकोन घ्याचा, त्याचे त्रिकोण कराचे, मंग ते जोडून परत चौकोन."

"पहिलेच चौकोन होता तं कापला कायले व पोट्टे?"

"तू तूर भरडतं अन् मंग शिजवून परत एक करतं. मी म्हणते का तुले काही?"

पलीकडे आई हसत राहिली. मग तिने दोनदा समजावून घेतलं, रेघ कुठे, शिवण कुठे, कात्री कधी. आणि समजल्यावर म्हणाली, "जोडून ठेव. पण पुरं नोको करू. लेकरू भुईवर आल्याबिगर त्याचं काही पुरं करत नाई."

"म्हंजे अर्ध्यावर थांबू?"

"अर्ध्यावर थांब."

आमच्याकडे ही रीत आहे. बाळ यायच्या आधी पाळणा बांधत नाहीत, झबलं पूर्ण शिवत नाहीत, निदान एक बाही तरी बाकी ठेवतात. मुलीने ती आनंदाने पाळली. चौकोनांच्या जोड्या तिने रेघेच्या दोन्ही बाजूंनी शिवल्या आणि कात्री लावली नाही. दोरा न तोडता एकामागून एक जोडी मशीनखालून काढल्यामुळे त्यांची लांब माळ झाली होती. ती माळ घडी करून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि डबा मशीनवर.

पोळा होऊन गेल्यावर तिला ताप आला. आधी साधा वाटला. मग यवतमाळ, तिथून नागपूर. नागपूरहून आम्ही तिला घेऊन आलो ते ॲम्ब्युलन्समधून, आणि गाडी चालवणाऱ्याने सायरन लावला नव्हता. त्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

तेरवीनंतर पाहुणे गेले. तिचे कपडे नणंदांनी बांधून वाटून टाकले, तशी पद्धत आहे म्हणून. मी अडवलं नाही. मशीनवरचा डबा कुणाच्या लक्षात आला नाही. मुकुटबनहून आलेली माझी आई मात्र राहिली. मी शाळेत जायला लागले, कारण घरात बसणं जास्त कठीण होतं. आई स्वयंपाक करायची, ह्यांचा दुकानात न्यायचा डबा भरून द्यायची, आणि आम्ही तिघं जेवताना पंख्याचा आवाज ऐकायचो.

एक दिवस दुपारी शाळा लवकर सुटली. मी फाटक उघडलं तर आई दारापुढच्या सपरीत भिंतीला टेकून बसलेली, चष्मा नाकावर, मांडीवर ती माळ. हातात सुई होती. सुईच्या टोकाने ती एकेक टाका उचलत होती आणि दोरा ओढून काढत होती. शेजारी स्टीलच्या वाटीत पांढऱ्या दोऱ्याचा पुंजका साठला होता, आणि सुटे झालेले चौकोन एकावर एक नीट रचलेले होते.

"आई, काय करून राह्यली हे?"

"उसवून राह्यली."

मला वाटलं, पोरीने चुकून दोनदा शिवण मारली असं तिला वाटलं असावं. मी पिशवी खाली ठेवली, तिच्याजवळ बसले आणि सांगायला लागले, की हे चुकलेलं नाही, अजून कापायचं बाकी आहे, मधल्या रेघेवरून कापलं की उलगडतं.

"मले मालूम हाय," आई म्हणाली. "दोन डाव सांगतलं होतं तिनं."

"मंग काहून उसवतं?"

तिने सुई थांबवली नाही. "अर्धं राह्यलं ते, बाई. अर्ध्या कामात जीव अडकते. लेकराखाली घालाचं हाय. त्याच्यात तिचा अडकलेला टाका नोको. कापडाले काही होत नाई, कापड तिचंच राहू दे."

"मी कात्री लावते ना आता. झालं पुरं."

"तू करशीन ते तुहं. तिचं तं अर्धंच राहीन."

मी तिच्या मांडीवरून उरलेली माळ उचलली. ओढलीच म्हणायला हवं, कारण सुई अजून एका टाक्यात होती आणि तो तुटला. आत गेले आणि पुस्तकांच्या कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवून दिली.

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण मला ती माळ कशासाठी हवी होती, तेही मानण्यातलंच होतं. फोटोत तिचा चेहरा होता. मोबाइलमध्ये तिचा आवाज होता, पण मोबाइलचं लॉक उघडायचं कसं हे आम्हाला माहीत नव्हतं. तिच्या हातांचं मागे राहिलेलं काही असेल तर ते टाके. तिचा पाय पायट्यावर होता, तिची बोटं कापड सरकवत होती, म्हणून प्रत्येक टाका जिथे आहे तिथे पडला होता. हे उसवलं की दुपट्यात गल्लीतल्या बायकांच्या ब्लाउजची आणि आमचीच जुनी कापडं तेवढी उरणार होती. बाळाला तिच्या हातचं मिळावं, एवढंच मला हवं होतं, आणि माझ्या आईला नेमकं तेवढंच नको होतं.

आमच्यात अबोला नव्हता. "भात घे", "दूध आलं का", एवढं चालू होतं. आई कपाटाकडे फिरकली नाही. हे एकदा म्हणाले, "दोघी बोलून घ्या न काय ते." मी म्हटलं, "बोललो आम्ही."

मग भावाचा फोन आला. भावजयीचे दिवस भरत आले होते. तिला आई नाही, त्यामुळे बाळंतपण मुकुटबनलाच आणि माझ्या आईलाच करायचं होतं. दुसऱ्या दिवशीची गाडी ठरली. संध्याकाळी आई पिशवीत लुगडी भरत होती. मी दारात उभी होते.

"ते दे, बाई," ती म्हणाली.

मी कपाटाकडे गेले नाही.

"म्याच म्हटलं होतं तिले, अर्ध्यावर थांब." ती लुगड्याची घडी मोडून पुन्हा घालू लागली. "नसतं म्हटलं तं कवाच पुरं केलं असतं तिनं. हात किती चपळ होता पोट्टीचा. माह्याच तोंडातून निघालं अन् ते अर्धं राह्यलं. म्हणून म्याच उसवलं पायजे. दुसऱ्या कोनाचं काम नाई ते."

तिच्या अंगठ्याच्या टोकाला सुईचे काळे ठिपके पडले होते. इतके दिवस मी ते पाहिले नव्हते.

मी माळ काढून आणली. तिच्यासमोर बसले आणि सुई मागितली. तिने माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या पदराला टोचलेली सुई काढून दिली आणि पिशवीतून दुसरी घेतली.

शिवण उसवताना मजकुरासारखी वाचावी लागते, हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक शिवणीच्या सुरुवातीला तिने मशीन दोनदा पुढेमागे केली होती, ती गाठ सुटायला वेळ लागायचा. सुरुवातीच्या जोड्यांत दोरा फार ताणलेला होता, नंतर तिचं तिलाच जमलं असावं. एका ठिकाणी खालच्या बॉबिनचा पांढरा दोरा संपून निळा सुरू झाला होता. चौकडीच्या शर्टाच्या आणि माझ्या आमसुली साडीच्या जोडीत शिवण मध्येच रेघेपासून लांब गेली होती आणि पुन्हा जागेवर आली होती. तेव्हा ती कुणाशी बोलत होती, की दारावर कुणी आलं होतं, की मीच हाक मारली होती, मला आठवत नाही. मी ती वाकडी जागा बोटाने चाचपली आणि मग तिथलेही टाके काढले.

हे दुकानातून आले. बघून थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी दिवा लावला, आमच्याजवळ खाली बसले आणि फरशीवर सांडलेले दोऱ्याचे तुकडे वेचायला लागले. मोठे हात आहेत त्यांचे, चिमटीत दोरा येत नव्हता. शेवटची जोडी आईने माझ्याकडे सरकवली. ती मी उसवली.

सकाळी गाडीच्या आधी आम्ही अरुणावती नदीवर गेलो. आईने पदराच्या गाठीतून दोरे काढले आणि पाण्यात सोडले. ते वाहून गेले नाहीत. काठाशीच एका झुडपाच्या मुळाला अडकले. आई वाकली, वाळकी काडी घेऊन तिने ते सोडवले आणि काडीनेच पुढे ढकलत राहिली. "जा माय," ती म्हणत होती, "जा आता." मी तिचा दंड धरून उभी होते, तिचा पाय घसरू नये म्हणून.

भावाला मुलगी झाली. दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्याकडे राहिलेले ते चौकोन पुन्हा जोडले. पेन्सिलीच्या रेघा तशाच होत्या, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकांच्या ओळी. सुई त्याच भोकांतून जावी म्हणून मी चष्मा लावून, चाक हाताने फिरवत प्रयत्न केला. जमलं नाही. माझे टाके कुठे तिच्या ओळीच्या आत पडले, कुठे बाहेर. मग रेघेवरून कात्री चालवली आणि एकेक जोडी उलगडत गेले. चौकोन छान झाले होते. तिने रंग इतके विचार करून लावले होते, हे मला उलगडल्यावर दिसलं. कुठे आमसुलीशेजारी हळदी, कुठे चौकडीशेजारी लुगड्याचा काठ. हे तिला पाहायला मिळालं नव्हतं.

वरचा भाग शिवून मी मुकुटबनला पाठवला. आत जुनं लुगडं घालून आईने हाताने धावदोरा घातला. बारशाला बाळ त्यावरच होतं. बायका म्हणाल्या, किती सुंदर केलं, कोणी केलं. भावजयीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आम्ही दोघींनी." आई पाळण्याची दोरी धरून होती. तिने मान वर केली नाही.

परवा संक्रांतीला पुन्हा गेले होते. भावजय आत स्वयंपाक करत होती, आई शेतात गेली होती, बाळ माझ्याजवळ. थोड्या वेळाने त्याने दुपटं ओलं केलं. मी त्याला दुसऱ्या फडक्यावर घेतलं आणि दुपटं उजेडात नेऊन शिवणीजवळ पाहिलं. त्या जुन्या भोकांच्या ओळी नव्हत्या. कितीतरी वेळा धुऊन कापडाचे धागे पुन्हा जवळ आले होते. चौकडीच्या तुकड्यावर शोधलं, आमसुलीवर शोधलं, नखाने चाचपलं. सगळीकडे नुसतं मऊ सुती कापड होतं आणि माझी शिवण.

"ताई, ठेवा ते, मी धुते मंग," भावजय आतून म्हणाली.

"राहू दे. मी धुते."

मोरीत बसून मी साबण लावला. बाळ आत रडायला लागलं, म्हणून घाईघाईने पिळलं आणि अंगणातल्या तारेवर घातलं.