दोन्ही इंजिनांना कुंकू

सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

शुगर लँडला आमच्या शेजारी एक रिटायर्ड इंजिनिअर काका राहतात. त्यांच्या गॅरेजमध्ये जुन्या गाड्यांची दोन दांडगी 'बिग ब्लॉक' इंजिनं आहेत, एक ४२९ क्युबिक इंचांचं आणि एक ४६०चं. बाहेरून अगदी सारखी. ओळखू यावं म्हणून काकांनी मोठ्याला कुंकवाचं बोट लावून ठेवलं होतं. दसऱ्याला काकूंनी पूजा केली आणि दोघांनाही कुंकू लावलं!

आज मोठं इंजिन गाडीत बसवायचं होतं. काका वैतागले, "आता कसं ओळखायचं?"

मला हसू आलं. "काका, सोपंय. स्पार्क प्लग काढू, आत काडी घालू आणि क्रँक फिरवू. ज्याचा पिस्टन जास्त खाली जाईल, ते मोठं."

"अरे वा! हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच" म्हणायच्या ऐवजी मी प्लगचा पाना शोधू लागलो. मागच्या समरला, याच गॅरेजमध्ये, तासभर शिकवलं होतं त्यांनी.

काकू चहा घेऊन आल्या. काका खुशीत म्हणाले, "ह्याने शोधून काढलं बघ!" काकूही हसल्या.

मी चहाचा कप घेतला. बाहेरून काका अगदी होते तसेच दिसतात यार.

तुम्ही काकूंना सांगितलं असतं?