उभ्यानं प्रार्थना

मिशनच्या दवाखान्यात मी नर्स होते. तिथले म्हातारे गोरे साहेब आणि त्यांच्या मडमबाई यांच्याबरोबर मी होडीनं दिघीहून आगरदांड्याला निघाले होते. खाडीच्या मध्यावर वारा फिरला, होडी कलंडू लागली. आणि साहेब टोपी काढून चक्क उभे राहिले! प्रार्थना उभ्यानंच करायची, हा त्यांचा नेम. होडी आणखी झुकली, पाणी आत आलं.

"ए म्हाताऱ्या, खाली बस!" होडी हाकणारा तांडेल ओरडला. साहेबांचे डोळे मिटलेलेच. नवऱ्याला कधी उलटून न बोलणाऱ्या मडमबाईंनी कोट धरून त्यांना खाली ओढलं. "बसून मागितलेलंही देव ऐकतो!"

धक्क्यावर उतरताच साहेब पुन्हा उभ्यानं देवाचे आभार मानू लागले. मडमबाईंची मूठ अजून त्यांच्या कोटावरच होती.

"सोडा आता, मडमबाई," मी म्हणाले.

त्यांना ती मूठ उघडता येईना.