मिक्सरचं बटण

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या घरात राहत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, असं घरात सगळे धरून चालतात. पण त्या दिवशी जेवढं कळायला हवं होतं, तेवढं मला कळत होतं. ते आधीच सांगून टाकते.

जुईनगरला आमचा लहान फ्लॅट आहे. मुलगा महेश फर्निचरच्या कारखान्यासाठी नकाशे काढतो. त्याच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, वायर भिंतीत लावली तरच चालायचा. सून वर्षा तेव्हा नेरूळला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. लॅपटॉप चालवायला तिला लिनक्स लागायचं, महेशला विंडोज. तिनं ठरवलं, एकाच लॅपटॉपात दोन्ही ठेवायचं.

"माझं काही जाणार नाही ना?" महेशनं विचारलं.

"नाही हो. तुमचं तुमच्या जागी, माझं माझ्या जागी. नुसती वाटणी करायची."

वाटणी मला समजते. सासरी दोनदा बघितली आहे.

रविवारी दुपारी तिनं लॅपटॉप ओट्यावर ठेवला, कारण मिक्सरचं सॉकेट तेवढं घट्ट होतं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू सरकत होती. मला म्हणाली, "आई, हे बटण तासभर बंद करू नका हं. मधेच बंद झालं तर सगळं जाईल." शेजारच्या शिंदेबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आजींना सांगून काय उपयोग? दिसलं बटण की कर बंद!" वर्षा म्हणाली, "म्हणून तर सांगतेय. परवा फ्रिजच बंद केला होता." दोघी हसल्या.

एवढंच. एवढ्याचा राग येतो का माणसाला? मला आला.

शिंदेबाई गेल्या. वर्षा वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. पट्टी निम्म्यावर आली होती. सवयीनं हात गेला, असं आज म्हणता येईल — नाही गेला. मी हात पुसले, बटण बंद केलं, पडदा काळा झालेला बघितला आणि बटण परत चालू केलं.

ती आली. आधी विचारलं, लाईट गेली होती का. मी म्हटलं, नाही. मग चाचरत म्हणाली, "आई, बटणाला चुकून हात...?"

"येडी वाटले का गं तुला मी?"

ती लॅपटॉपकडे वळली. थोड्या वेळानं म्हणाली, "सॉरी आई, उगाच विचारलं." माफी तिनं मागितली. मी ती घेतली.

पुढचे आठ दिवस ती त्या लॅपटॉपशी झगडली. लिनक्स परत टाकलं, ते चालू झालं. चालू करताना दोन नावं यायची. विंडोज निवडलं की निळा पडदा, आणि पुन्हा पहिल्यापासून. क्लासच्या सरांना फोन केले, पेनड्राइव्ह लावून दुरुस्ती करून बघितली. एका वहीत आपण केलेली प्रत्येक पायरी लिहायची आणि कुठं चुकलं ते शोधायची. चुकली असती तर सापडलं असतं ना?

महेशचे चार वर्षांचे नकाशे गेले. कारखान्यात सगळ्यांसमोर बोलणी बसली. घरी येऊन तो तिला म्हणाला, "झेपत नाही तर हात कशाला घालतेस?" मी पोळ्या लाटत होते — लाटत राहिले. महिन्यावर परीक्षा आली असताना तिनं क्लास सोडला. नोकरी करायची होती तिला. त्यानंतर तिनं नोकरीचं नाव काढलं नाही.

सांगायला किती दिवस मिळाले मला? सगळेच मिळाले.

गेल्या आठवड्यात माझी बहीण खांदेश्वरहून नवा मोबाईल घेऊन आली. "वर्षा, जुन्यातले फोटो यात टाकून दे गं," म्हणाली. वर्षानं हात मागे घेतला. "नको मावशी, माझ्या हातून बिघडतं."

बहिणीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तिच्याकडे नकोच देऊ. महेश येऊ दे."