टेबलावरच्या टिचक्या

छापखान्यातले प्रूफवाले भाऊ एकतीस वर्षं एकाच खुर्चीत बसले. खुर्चीचा वेत दोनदा बदलला, भाऊ बदलले नाहीत. समोर वाचणाऱ्या बाई. त्यांनी मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, भाऊंनी छापलेल्या कागदावर पेन्सिल फिरवून चुका धरायच्या. पानाखाली सही भाऊंची, आणि चूक सुटली तर बोलणीही भाऊंनाच.

आता इंग्रजी म्हणजे भलती लबाड भाषा. वीक म्हणजे आठवडा, अन् वीक म्हणजे अशक्तही. प्रिन्सिपल म्हणजे मुख्याध्यापक आणि प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व. दोघांची गाठ पडेलच असं नाही! कानाला सगळं सारखं. म्हणून या दोघांनी रीत पाडली होती. जोडीतला पहिला शब्द आला की बाईंनी टेबलावर एक टिचकी मारायची, दुसरा आला की दोन. पहिला कोणता नि दुसरा कोणता, ते भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं.

पण गेल्या वर्षापासून भाऊंना टिचक्या ऐकू येईनात. बाईंचा खणखणीत आवाज पोचे, टिचकी विरून जाई. भाऊ वाक्याचा अर्थ बघून अंदाजाने भागवत. त्या ओढाताणीने संध्याकाळी डोकं असं जड होई, की घरी बायकोच्या हाकेला ओ द्यायचंही त्राण नसे. पण सांगतात कुणाला? कान गेल्याचं मालकांना कळलं, की खुर्ची गेलीच.

आणि नेमकं शाळेचं पुस्तक आलं, सारख्या उच्चाराच्या इंग्रजी शब्दांचंच. पानंच्या पानं नुसते सुटे शब्द. वाक्यच नाही, तर अंदाज बांधणार कशावर? वर मालक म्हणाले, "भाऊ, संध्याकाळी दहा पानं द्या. मी स्वतः ताडून बघणार."

तिसऱ्या पानावर भाऊंनी पेन्सिल ठेवली.

"बाई, मला टिचक्या ऐकू येत नाहीत हो."

"ठाऊक आहे."

"आं?"

"अहो, टिचकी सोडून मी पेपरवेट आपटायला लागले, ते काय हौसेनं? शेजारचे बांधणीवाले दोनदा भांडून गेले, तुम्हाला मात्र पत्ता नाही!"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही आधीच दमलेले. त्यात माझी भर कशाला?"

भाऊ हसले, पण हसणंही अर्ध्यावर थकलं. मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले.

"या, इकडं बसा."

"भाऊ, ती सहीची जागा."

"म्हणून तर म्हणतो. वीस वर्षं वाचताय, तुमच्याइतकं इथं येतं कुणाला?"

भाऊ पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागले, टिचक्या मारू लागले. दहाव्या पानाशी घसा कोरडा पडला. बाईंनी सही केली.

संध्याकाळी मालकांनी चष्मा वर सारला. "ही सही कुणाची?"

"बाईंची. माझे कान गेले, मालक. घसा अजून शाबूत आहे, ठेवायचं तर त्याच्यावर ठेवा."

मालक बराच वेळ पानं ताडत राहिले. चूक काही सापडेना.

"उरलेली पानं कधी देताय?" त्यांनी विचारलं.

"ते आता बाईंना विचारा," भाऊ म्हणाले. आणि पुढचं बोलणं ऐकायची धडपड न करता त्यांनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.