सोनामावशीने भरलेला रांजण

आयुष्यभर विज्ञान शिकवलं. कुणी भुताखेतांचं सांगू लागलं तर मी आजही विषय बदलतो... पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, म्हणून लिहितोय.

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. पारनेर तालुक्यातल्या एका दोन खोल्यांच्या शाळेत मी नुकताच लागलो होतो. शाळा खरी चालवायची ती सोनामावशी. झाडलोट, घंटा, आणि गावाबाहेरच्या विहिरीवरून पाणी आणून व्हरांड्यातला रांजण भरणं - सगळं तीच करायची. पोरांचे आईबाप खडी फोडायच्या कामावर. निम्मी पोरं त्या पाण्यासाठीच शाळेत यायची.

एके दिवशी सकाळी मावशी आलीच नाही. रांजण कोरडा. दुपारपर्यंत पोरं मलूल झाली. पहिलीतली एक मुलगी भिंतीला टेकून बसली, ती उठेचना. हेडमास्तर तालुक्याला गेलेले. मी पाण्याला जावं, तर पोरांना कुणावर सोडू?

तेवढ्यात मावशी आली. डोक्यावर हंडा, लुगडं ओलंचिंब. तिनं रांजणात पाणी ओतलं.

"मावशी, आज उशीर झाला?"

"लई खोल गेलंय पानी, मास्तर. आदी त्या पोरीला द्या."

मी मुलीला पाणी पाजलं. वळून बघतो तर मावशी नव्हती. वाटलं, दुसऱ्या खेपेला गेली असेल.

पोरं पाणी पीत असतानाच तिचा दीर आला.

"मास्तर, वैनी गेली. सकाळीच पाय घसरून हिरीत पडली. आत्ता वर काढली."

"अहो, त्या आत्ता इथं होत्या... हंडा घेऊन."

तो रांजणाकडे बघत राहिला. "हंडा अजून हिरीतच हाय," म्हणाला, आणि उंबऱ्यावर खाली बसला.

संध्याकाळी गावकरी म्हणाले, ते पाणी ओतून द्या. पण त्या साली पाणी ओतायला कोण पुढे होणार? कुणीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी आणायला माणूस नव्हता. मी रांजणावर झाकण ठेवून पोरांना अडवत होतो. दुपारी तीच मुलगी पेला घेऊन समोर उभी राहिली. मी झाकण काढलं.

पोरांना काही झालं नाही. ते पाणी कुणी आणलं, याचं उत्तर मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही. त्या दुपारी पोरांनंतर दोन घोट मीही प्यायलो. थोडं गढूळ - विहिरीचंच होतं.