काचेपलीकडे दादा

आमच्या सीटी स्कॅनच्या तंत्रज्ञ बाईंना सगळे मौनीबाई म्हणायचे. मी तिथली नर्स. पेशंटला सुई लावणं माझं काम, आणि बडबडीचं खातंही माझ्याकडेच. बाईंना बोलता येत नव्हतं असं नाही. डबा खाताना त्या मोठ्या डॉक्टरांची अशी नक्कल करायच्या की घास घशात अडकावा. पण पडद्यावर काय दिसलं असं कुणी विचारलं की तोंडाला कुलूप. "डॉक्टर सांगतील," एवढंच, आणि तेही सगळ्यांना एकाच सुरात. एकाला 'ठीक आहे' म्हटलं तर ज्याला म्हणणार नाही त्याला कळेलच ना, असा त्यांचा हिशेब. त्यांचा थोरला भाऊ यावरून त्यांना फार चिडवायचा. हिला भाजीत मीठ पडलंय का विचारा, तरी डॉक्टर सांगतील म्हणेल, असं म्हणायचा.

तो भाऊच एकदा तपासणीला आला. खोकला हटत नव्हता, अंगावरचे कपडे ढगळ झाले होते. बाईंच्या जोडीचा तंत्रज्ञ रजेवर होता, म्हणून मी म्हटलं, उद्या तो आला की करू. बाई म्हणाल्या, उद्या काय वेगळं दिसणार आहे? मला त्यांचा रागच आला.

मी सुई लावली. दादा टेबलावर आडवे झाले आणि टेबल आत सरकलं. काचेच्या अलीकडून बाईंनी माइकवर सांगितलं, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. सख्ख्या भावालाही अहो-जाहो. पडद्यावर एकेक चित्र येऊ लागलं. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण डाव्या फुफ्फुसातला तो गोळा आंधळ्यालाही दिसला असता. बाईंनी नाव-वय तपासलं, चित्रं डॉक्टरांकडे पाठवली, चष्मा पुसला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काहीच वाटत नाहीये गं," त्या म्हणाल्या. "बधिर झाल्यासारखं झालंय."

आम्ही दोघी आत गेलो. मी सुई काढली. दादा उठून बसले, शर्टाची बटणं लावू लागले. त्यांनी काही विचारलंसुद्धा नव्हतं. बाईच आपणहून बोलल्या.

"काही नाही रे दादा. सगळं ठीक आहे."

दादांचा हात बटणावरच थांबला. या बाईनं ते वाक्य आजवर कुणालाही म्हटलं नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मला तिथून पळून जावंसं वाटलं. आपण काय बोलून बसलो ते बाईंनाही कळलं असावं, पण चेहरा कोराच राहिला.

दादांनी उरलेली बटणं लावली. खाली उतरून चपला घातल्या. मग बहिणीच्या पाठीवर हात ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "बाहेर आई बसलीय. तिलाही असंच सांग."

बाई बाहेर गेल्या. मी टेबलावरची चादर बदलली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.