नाला, काठी आणि बाबांचं तेल

सहा वर्षं मी गोल्फ खेळलो आणि त्यातला बहुतेक काळ माझा चेंडू नाल्यात होता.

गोल्फ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर हिरवळ, तळी आणि पांढऱ्या टोप्या आल्या असतील तर त्या पुसून टाका. आमचं मैदान वणीजवळच्या कोळसा खाणीच्या कॉलनीमागे आहे. भोकं सहा. हिरवळीच्या जागी जळकं तेल शिंपडून बसवलेली वाळू, बाकी सगळीकडे कुसळी गवत. आणि सुरुवातीलाच खाणीतून निघालेल्या मातीचा ढिगारा. त्या ढिगाऱ्यावर उभं राहून पहिला चेंडू मारायचा, तो खालच्या नाल्यावरून पलीकडे गेला पाहिजे. पलीकडचा काठ ढिगाऱ्यापासून चाळीस पावलं. हे अंतर मी अगदी छातीठोकपणे सांगतो, कारण मी खाणीत सर्वेअर आहे आणि ते मीच मोजलंय. दोनदा.

चाळीस पावलं म्हणजे काहीच नाही. म्हणून तर आमच्याकडे रिवाज असा की नव्या माणसाचा चेंडू पहिल्यांदा नाल्यापलीकडे गेला की त्याचं नाव शेडमधल्या पत्र्याच्या पाटीवर रंगवायचं. पाटीवर शीर्षक आहे : 'नाला पार'. तिथे आमचे मॅनेजर ढोबळे साहेब आहेत, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आहेत, आणि दिवाळीत दोन दिवस पाहुणी आलेली ढोबळे साहेबांची भाचीही आहे. (तिने मोबाईलवर बोलता बोलता मारला होता.) कॉलनीत गोल्फची काठी हातात धरलेल्या प्रत्येकाचं नाव त्या पाटीवर होतं. एक मी सोडून.

बाकीच्या पाच भोकांवर मी बरा खेळतो हो! पण ढिगाऱ्यावर उभा राहिलो की हात घामाने चिंब होतात, मान आपोआप वर होते, आणि चेंडूच्या टाळूवर नुसती टपली बसते. तो बिचारा उतारावरून घरंगळत जातो आणि पाण्यात उतरतो. मैदान सांभाळणारे फुलसिंगभाऊ दर उन्हाळ्यात नाला आटला की चेंडू गोळा करतात. माझ्या चेंडूंवर मी लाल ठिपका देत असे, म्हणजे ओळखू यावेत. पुढे पुढे फुलसिंगभाऊ ठिपका बघायचेच बंद झाले, सगळी पिशवी थेट माझ्या घरी आणून द्यायचे.

तर यंदा माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि त्याआधी एका रविवारी मैदानाची वार्षिक स्पर्धा होती. मी ठरवलं, पाटीवर नाव लागल्याशिवाय ही नोकरी सोडायची नाही. त्यातच मुकुटबनहून माझे बाबा आले होते. वय ब्याऐंशी, जन्म सगळा कापसात आणि तुरीत गेलेला. वणीला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसायला लागलं, आणि पहिलीच इच्छा त्यांनी बोलून दाखवली.

"तू दर आइतवारी काय करतं ते मले एक डाव पाहू दे."

बाबांनी आयुष्यात माझ्या कुठल्याच कामाचं कौतुक केलेलं नाही. सर्वे म्हणजे दुसऱ्याचं वावर मोजत हिंडायचं, असं त्यांचं मत. आता ते बघायला येणार, आणि बघणार काय, तर चेंडू नाल्यात. मला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. शेवटी ढोबळे साहेबांनी सुचवलं, की दोष तुमच्यात नाही, तुमच्या जुन्या काठीत आहे. (साहेब फार भला माणूस.) टायटॅनियमचा ड्रायव्हर घ्या, म्हणाले. ड्रायव्हर म्हणजे पहिल्या फटक्याची सगळ्यात लांब काठी, जिच्या टोकाला नारळाएवढं डोकं असतं. डोकं मोठं, त्यामुळे चेंडू चुकायचा म्हटलं तरी चुकत नाही.

मी रजा टाकून नागपूर गाठलं. दुकानातल्या बाईंनी मला एका जाळीसमोर उभं केलं, चेंडू मारायला लावला आणि यंत्रावर काहीतरी वाचून अतिशय मायेने म्हणाल्या, काका, तुमच्या वेगाला 'सीनियर' दांडी बरोबर राहील, मऊ असते. सीनियर? मला? मी विचारलं, सर्वांत कडक कोणती? त्यांनी दाखवली. ती तरण्याताठ्या खेळाडूंसाठी असते, असंही सांगितलं. मी म्हटलं, हीच द्या. मग चेंडू वर उचलायला डोक्याला तिरपेपणा जास्त हवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. ढोबळे साहेबांचा किती आहे ते मला माहीत होतं, त्याहून एक अंश कमीच घेतला. थोडक्यात, त्या बाईंनी जे जे घेऊ नका म्हटलं ते सगळं एका काठीत गोळा करून मी विजयी मुद्रेने बाहेर पडलो. किमतीबद्दल इथे लिहीत नाही, कारण हा मजकूर बायको वाचणार आहे.

घरी आल्यावर बाबांनी काठी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा पडला. कुऱ्हाड असो की पावडं, वजनाशिवाय अवजार घ्यायचं नाही हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी काठीचं डोकं बोटाने वाजवून पाहिलं. ठण्ण आवाज आला.

"हे तं पोकळ हाये. फसवलं न बाप्पा तुले."

मी समजावलं, बाबा, हे टायटॅनियम आहे, असंच हलकं असतं, लोखंडाहून सरस धातू आहे. बाबा उठले, फ्रिजजवळ गेले, दारावर चिकटवलेला कळंबच्या चिंतामणीचा चुंबकवाला फोटो काढला आणि काठीच्या डोक्याला लावला. फोटो सटकून त्यांच्या हातात आला. पुन्हा लावला. पुन्हा सटकला. मग त्यांनी गणपती कपाळाला लावून परत फ्रिजवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "देवही चिटकून नाही राह्यला याले."

त्यांची खात्री पटवायची म्हणून मी बैठकीतच एक फटका हवेत मारून दाखवला. नव्या काठीची लांबी जुनीपेक्षा अंमळ जास्त आहे, हे मला पंख्याचं पातं लागल्यावर कळलं. पंखा जो वाकडा फिरायला लागला तो आजही तसाच फिरतो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, आतून आली. तिने पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काठी माझ्या हातातून काढून घेतली आणि जाहीर केलं की आता रविवारपर्यंत ही बाबांच्या खोलीत, त्यांच्या ताब्यात राहील. मला हात लावायची परवानगी नाही. मी हरकत घेतली नाही. एकतर पंख्याखाली उभं राहून हरकत घेता येत नाही, आणि दुसरं म्हणजे नवी काठी कोरी ठेवून थेट स्पर्धेत काढायची, यात एक रुबाब होता.

त्या चार दिवसांत बाबा एकदम खुशीत होते. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की खोलीचं दार लोटलेलं असायचं, आत काहीतरी चाललेलं असायचं. एकदा सुनंदाने सांगितलं, की बाबांनी तिच्याकडून जुनं धोतर फाडून चिंध्या मागून घेतल्या. मी म्हटलं, पुसत असतील काठी. म्हाताऱ्या माणसाला काही काम असलेलं बरं. हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने बोललो होतो, याला सुनंदा साक्षीला आहे.

रविवार उजाडला. सगळी कॉलनी ढिगाऱ्याभोवती जमली होती. बाबा काळा चष्मा लावून, पांढराशुभ्र फेटा बांधून अगदी पुढच्या खुर्चीत. फुलसिंगभाऊंनी शेडमधली पाटी मुद्दाम पुसून ठेवली होती आणि पांढऱ्या रंगाचा डबा उघडून त्यात कुंचला घालून ठेवला होता. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कोणी दाखवला नव्हता. मला भरूनच आलं.

माझं नाव पुकारलं गेलं. मी चेंडू ठेवला, बाबांच्या हातून काठी घेतली. मूठ जरा ओलसर लागली. मला वाटलं, घाम. दरवेळी येतो तोच. मी हात पँटला पुसले आणि पुन्हा धरली. पुन्हा ओलसर. स्वतःलाच म्हटलं, दिगंबरराव, आज घाबरायचं नाही. मान वर करायची नाही. नाल्याकडे बघायचं नाही. सगळं बळ एकवटून, दातओठ खाऊन मी काठी मागे नेली आणि फिरवली.

आवाज आला नाही.

मी मान खालीच ठेवली होती, अगदी शिकवल्याप्रमाणे. त्यामुळे मला पहिल्यांदा काय दिसलं, तर चेंडू. तो जागच्या जागी होता. मग माझे हात दिसले. ते रिकामे होते. मग मी मान वर केली. सकाळच्या उन्हात चकाकत, गोल गोल फिरत, माझा टायटॅनियमचा ड्रायव्हर नाल्याच्या अलीकडच्या बाभळीवरून गेला, नाल्यावरून गेला, पलीकडच्या काठावरून गेला आणि तुरीच्या वावरात दिसेनासा झाला.

जमिनीने मला पोटात घ्यावं असं वाटलं, पण खाणीने बाहेर टाकलेली माती, ती कशाला घेते! तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उभे राहिले होते.

"गेलं," ते म्हणाले. "पार गेलं. म्या सोताच्या डोयानं पाह्यलं."

ढोबळे साहेबांनी माझा हात धरून वास घेतला आणि हळूच विचारलं, हे जवसाचं तेल कुठून आलं? मी बाबांकडे पाहिलं. बाबा आता सगळ्या कॉलनीला सांगत होते, अगदी दिलखुलास.

"तीन दिस तेल पाजलं मी त्या मुठीले. पेतच नव्हती, रबराची हाये न. पन मीबी सोडलं नाही. तेल पाजल्याबिगर नवा दांडा वावरात नेत असते का कोनी?"

आमच्या घरी नव्या कुऱ्हाडीचा, नव्या पावड्याचा दांडा जवसाच्या तेलात मुरवल्याशिवाय कामाला लागत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलोय. लाकूड तेल पितं आणि चिवट होतं. रबर पीत नाही. ते तेल तसंच धरून ठेवतं आणि योग्य वेळी सोडतं. हे बाबांना सांगायला मी तोंड उघडलं. त्यांच्या चष्म्याखालून पाणी ओघळत होतं. ऑपरेशनचं असेल असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय, पण तसं नव्हतं. मी एकोणसाठाव्या वर्षी पहिल्यांदा बापाला आवडलो होतो. मी तोंड मिटलं.

नियमाप्रमाणे चेंडू अजून मारायचा होता. मी जुन्या लोखंडी काठीने मारला. तो कुठे गेला ते सांगायची गरज नाही.

पण बाबा तिकडे बघतच नव्हते. ते शेडमध्ये पाटीसमोर जाऊन उभे होते आणि फुलसिंगभाऊंना विचारत होते, पोराचं नाव केव्हा लिहिता? फुलसिंगभाऊंनी ढोबळे साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे. मी हात पुसत जमिनीकडे. शेवटी साहेब म्हणाले, की पाटीवर लिहिलंय 'नाला पार'. काय पार, ते कुठे लिहिलेलं नाही. फुलसिंगभाऊंनी कुंचला उचलला. बाबांनी एकेक अक्षर वाचत ते नाव पुरं होईपर्यंत जागा सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा मुकुटबनला गेले, आणि त्यांची गाडी सुटल्यावर फुलसिंगभाऊंनी माझ्या नावापुढे कंसात बारीक अक्षरात 'काठी' असं लिहिलं. हिशेबी माणूस आहे, त्यांना खोटं खपत नाही.

आता मी निवृत्त झालोय. वणीतच राहतो. दर रविवारी फुलसिंगभाऊ मला आत सोडतात आणि मी ढिगाऱ्यावर उभा राहतो. अर्धं काम झालेलं आहे, आता फक्त चेंडू राहिलाय.